अनुभवी माणसाने शेवटी बोलावं

सांगलीच्या मार्केट यार्डातली हळदीची पेढी घ्या. नवा पोरगा म्हणतो, "पोत्यावर क्यूआर कोड लावूया, माल कुठल्या गावचा ते गिऱ्हाइकाला कळेल." दिवाणजी लगेच, "मागं असलंच केलेलं, चाललं नाही." बाकीचे माना डोलावतात. विषय संपला!

म्हणून चर्चेआधी प्रत्येकाकडून बिननावाची चिठ्ठी घ्या आणि सगळ्यात जुन्या माणसाला शेवटी बोलू द्या. "चाललं नाही" म्हणणाऱ्याला विचारा: कधी, नेमकं कुठं अडलं, ती अडचण आजही आहे का? (तेव्हा गिऱ्हाइकाकडे स्मार्टफोन तरी होता का?)

मानसशास्त्रज्ञ सोलोमन ॲश यांच्या १९५० च्या दशकातल्या प्रयोगांत गटातले बाकीचे ठरवून चुकीचं उत्तर द्यायचे; पण त्यांच्यातल्या एकानेही बरोबर उत्तर दिलं, की ज्याची परीक्षा चालू असायची त्याचं चुकीच्या उत्तराला होकार भरणं बरंच घटायचं. तेव्हा नव्या कल्पनेची बाजू मांडायला एकाला आधीच नेमा, शक्यतो दिवाणजींनाच.