स्क्वाड लीडर व्हायचंय? मग बंदूक जरा बाजूला ठेवा

बीजीएमआय किंवा कॉल ऑफ ड्यूटीसारख्या झटपट गोळीबाराच्या खेळांवर हात बसलेला पोरगा ‘स्क्वाड’ नाहीतर ‘आर्मा ३’ या खऱ्या लढाईच्या धर्तीवरच्या संगणकी खेळांमध्ये उतरला की पहिल्या तासातच वैतागतो. चालणंच फार, शत्रू दिसत नाही, गोळी कुठून आली ते कळत नाही, आणि मेल्यावर परत तेवढंच चालायचं. खरेपणा म्हणतात तो हाच. फार कमी कळत असतं आणि तेवढ्या कळण्यावर माणसं हलवायची असतात. ‘स्क्वाड’मध्ये एका तुकडीत नऊ जण असतात, ‘हेल लेट लूज’मध्ये सहा. त्यांतल्या एकानं, म्हणजे स्क्वाड लीडरनं, नेमबाजी कमी आणि डोकं जास्त चालवलं, तर बाकीच्यांची संध्याकाळ सत्कारणी लागते.

२००४ साली आलेल्या ‘फुल स्पेक्ट्रम वॉरियर’मध्ये तर खेळणाऱ्याला स्वतः गोळी झाडताच येत नव्हती. अल्फा आणि ब्राव्हो अशा चार-चार जणांच्या दोन टोळ्या, आणि कोणी कुठे जायचं, कुठे मारा करायचा एवढंच आपण सांगायचं. अमेरिकी सैन्याच्या प्रशिक्षणासाठी सुरू झालेल्या कामातून हा खेळ निघाला. जुना आहे, पण कुठे मिळाला तर लीडर होण्याआधी आठवडाभर खेळाच.

१. तयारी

माईक चांगला हवा. ग्राफिक्स कार्ड नंतर बघू. माईक ‘दाबून बोला’वरच ठेवा, म्हणजे कळ दाबली तरच आवाज जाईल; मागे मिक्सर चालू, पत्र्यावर पाऊस आणि आई जेवायला हाक मारतेय, हे सगळं तुकडीला ऐकवू नका. हेडफोन दोन्ही कानांचा हवा, कारण ‘आर्मा’सारख्या खेळात दिशा आणि अंतर कानानंच कळतं. रायफलची गोळी सेकंदाला सुमारे ९०० मीटर वेगानं सुटते, आवाज सुमारे ३४० मीटरनं येतो. त्यामुळे आधी कानाजवळून गोळीचा फटकारा जातो आणि मागून बंदुकीचा ‘धप्प’ येतो. दोन्हींत अर्धा सेकंद गेला तर मारणारा साधारण ३०० मीटरवर आहे. दिशा मात्र ‘धप्प’वरून ठरवायची, फटकारा फसवतो.

२. जमीन वाचा

फेरी सुरू होण्याआधीची मिनिटं लोक जागेवर उड्या मारण्यात घालवतात. तेव्हा तुम्ही नकाशा उघडा. समोच्च रेषा (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या) समजत नसतील तर देवगड-विजयदुर्गकडचा सडा डोळ्यांपुढे आणा. वर उघडा कातळ, त्याला चिरत उतरणारे व्हाळ म्हणजे ओढे, खाली वाडी, कलमांच्या बागा आणि चिऱ्याचे गडगे, म्हणजे दगडी कुंपणं. सड्यावरून सरळ जाणं सोपं, पण तिथला माणूस मैलभरावरून दिसतो. व्हाळातून जायला वेळ लागतो, पण कोणी बघत नाही. तुकडी नेहमी व्हाळातून न्यायची. सड्याच्या धारेवर, आभाळ पाठीशी घेऊन, कधीच उभं राहायचं नाही. धारेच्या थोडं खालून चालायचं.

दुसरं म्हणजे आडोसा कशाला म्हणायचं. चिऱ्याचा गडगा गोळी अडवतो. माडाचं झाप आणि करवंदीची जाळी फक्त नजर अडवतात. नवखे खेळाडू जाळीत पडून निवांत रिलोड करतात आणि तिथेच संपतात. काही खेळांत तर लांबून बघणाऱ्याच्या पडद्यावर गवत काढलेलंच नसतं. आपण गवतात लपलोय असं आपल्यालाच वाटत असतं.

३. तोंड कसं चालवायचं

सगळ्यात जास्त फेऱ्या इथेच हरल्या जातात. आमच्याकडच्या पोरांचं नेहमीचं संभाषण ऐका:

“थयसून मारतत रे!”
“खयसून?”
“अरे त्या घराकडसून!”

गावात घरं चाळीस. तेवढ्यात दोघं आडवे झालेले असतात.

क्रम पक्का करा: दिशा, अंतर, खूण, किती. “दोन-चार-शून्य, दीडशे मीटर, निळं छप्पर, खिडकीत एक.” एवढंच, एका दमात. होकायंत्राचा आकडा सुटा सुटा सांगा, कारण एकोणसत्तर आणि एकोणऐंशी गोळीबारात सारखेच ऐकू येतात. अंतराचा अंदाज बसत नसेल तर घराच्या पायरीवरून समोरचा एखादा माड धरा, आकडा ठरवा आणि मग फोनच्या नकाशात मोजा. आपण बहुतेक वेळा कमीच धरतो.

हुकूम देताना आधी नाव, मग काम. “कोणीतरी मागे बघा” म्हटलं की कोणीच बघत नाही. “दादा, मागचा रस्ता तुझा” म्हटलं की बघितलं जातं, आणि वयानं मोठ्या माणसाला हुकूम सोडताना तो ‘दादा’ उपयोगीही पडतो. ऐकणाऱ्यानं काम परत उच्चारायचं. मेलेल्यानं शत्रू कुठे दिसला तेवढं सांगायचं आणि गप्प बसायचं. माईकवर गाऱ्हाणं घालत बसायचं नाही.

४. एका टोळीनं दाबायचं, दुसरीनं फिरायचं

शोधा, खिळवा, बगलेला म्हणजे शत्रूच्या बाजूला जा, संपवा. पायदळाचा हा धडा ‘ब्रदर्स इन आर्म्स’नं २००५ साली खेळातच बसवला. शत्रूच्या डोक्यावर लाल वर्तुळ असायचं. मारा पुरेसा झाला की ते करडं व्हायचं, म्हणजे आता तो डोकं वर काढत नाही, निघा. आजच्या खेळांत असं वर्तुळ नसतं. ‘स्क्वाड’मध्ये २०२३च्या मोठ्या बदलानंतर दबलेल्या माणसाला नीट दिसेनासं होतं आणि त्याचा नेमही हलतो, पण त्याच्यावर दाब बसलाय की नाही हे तुम्हाला त्याच्या गोळीबारावरूनच ओळखावं लागतं.

नऊ जणांत मशीनगनवाला आणि अजून तिघं दाबायला ठेवा, चौघं बगलेला पाठवा. तुम्ही मधे, जिथून दोन्ही टोळ्यांचा अंदाज येईल तिथे. हे रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढण्यासारखं आहे: दोन्ही दोरांवरची माणसं एका लयीत ओढत राहिली तर मासळी किनाऱ्याला लागते, एका बाजूनं घाई केली की वाट मिळते आणि सगळं निसटतं. दाबणाऱ्यांनी पहिल्याच मिनिटात पट्टा रिकामा केला, तर बगलेचे चौघं उघड्यावर सापडतात. म्हणून दाबणाऱ्यांनी आळीपाळीनं, तीन-चार गोळ्यांच्या झडीनं मारायचं. बगलवाले निघाले, अर्ध्यात आले, शेवटच्या गडग्याशी पोचले, अशा तीन वर्द्या माईकवर आल्याच पाहिजेत. शेवटच्या वर्दीवर दाबणाऱ्यांचा मारा बाजूला सरकवायचा, नाहीतर आपलीच पोरं आपल्याच गोळीनं जातात.

दोन टोळ्यांच्या माऱ्यात साधारण काटकोन राहू द्या. बरोबर समोरासमोर आलात तर एकमेकांवरच झाडाल. धूर लवकर टाका, कारण तो पसरायला काही सेकंद लागतात. आणि तो स्वतःच्या पायाशी न टाकता शत्रूच्या तोंडापुढे टाका. बगलेची वाट मात्र लांबची निवडा. मला तरी जवळची बगल क्वचितच लाभलेली दिसते. समोरच्यालाही ती ठाऊक असते.

५. सोबत बॉट (संगणकच चालवतो ते शिपाई) असतील तर

‘आर्मा ३’ एकट्यानं खेळताना एफ-२ पासून पुढच्या कळांनी एकेक शिपाई निवडायचा आणि मग आकडे दाबायचे: १ हालचाल, ३ मध्ये गोळीबार रोखणं किंवा सोडणं, ७ पवित्रा, ८ रचना. ९ नं रंग देऊन लाल-निळ्या टोळ्या करता येतात. त्या सुरुवातीलाच करा. लपून जायचं असेल तर गोळीबार रोखल्याचा हुकूम आधी द्या, नाहीतर एखादा शहाणा आपण होऊन मारायला लागतो आणि सगळी मेहनत पाण्यात. ‘डेंजर’ पवित्र्यात ही मंडळी आडोसा शोधत फार सावकाश सरकतात. घाईनं मागे घ्यायचं असेल तेव्हा तो मोड कामाचा नाही.

६. लाईट गेली तर

जून ते सप्टेंबर हे गृहीतच धरा. राऊटरला छोटा यूपीएस लावलात तर घरात अंधार झाला तरी लॅपटॉपवरून फेरी पुरी होते. डेस्कटॉपवाल्यांनी सुरुवातीलाच उपनायक नेमून त्याला बेत सांगून ठेवायचा: आपण कुठून जातोय, बगल कोणाची, परतायचं कुठे. ‘स्क्वाड’मधला रॅली पॉइंट, म्हणजे मेलेले परत जिथून उतरतात ती जागा, लीडरच लावतो, त्यामुळे तो संधी मिळाली की आधीच, शत्रूपासून जरा लांब लावून ठेवा. लाईट आल्यावर लीडरपद परत मागू नका. ती फेरी साधा शिपाई म्हणून खेळा आणि उपनायक सांगेल तिथे जा.