फोटोतले पिंपल्स काढा, पण चेहरा प्लास्टिकचा करू नका

फोटोशॉपमध्ये फोटो उघडला की आधी वर एक रिकामी नवीन लेयर (फोटोवर ठेवलेल्या पारदर्शक कागदासारखा थर) घ्या, ओरिजनल फोटोवर थेट काम अजिबात करायचं नाही. मग कीबोर्डवरचं J दाबून स्पॉट हीलिंग ब्रश, म्हणजे डाग काढायचा ब्रश, घ्या आणि वरच्या पट्टीत सॅम्पल ऑल लेयर्सला टिक करा, नाहीतर रिकाम्या लेयरवर काहीच होणार नाही. झूम 100% ठेवा, ब्रश डागापेक्षा जरासाच मोठा, आणि एकेका पिंपलवर एकच क्लिक, घासत बसू नका कारण घासलं की त्वचेचं टेक्श्चर जातं आणि तिथे धुरकट पट्टा दिसतो.

केसांजवळ किंवा ओठांच्या कडेला हा ब्रश गडबड करतो, तिथे साधा हीलिंग ब्रश घ्या, ऑल्ट दाबून जवळचीच, तशाच उजेडातली स्वच्छ त्वचा निवडा आणि मग डागावर लावा. डोळ्यांखालची काळी वर्तुळं पूर्ण पुसू नका हां, ती वेगळ्या लेयरवर करून त्या लेयरची ओपॅसिटी (ती किती ठळक दिसते ते) 50% च्या आसपास आणा.

तीळ, जन्मखूण, जुना व्रण हे त्या माणसाला विचारल्याशिवाय काढायचं नाही, ती त्याची ओळख असते! मधेमधे झूम आउट करून लेयरच्या नावाशेजारचं डोळ्याचं चिन्ह बंद-चालू करत बघा, जास्त झालंय का लगेच कळतं.