प्रशिक्षण आखण्याआधी कार्यकर्त्यांसोबत फिरा

ग्रामविकासाचा तयार अभ्यासक्रम हातात आला की मी तो आधी बाजूला ठेवते आणि दोन-तीन क्षेत्र कार्यकर्त्यांसोबत वही घेऊन दिवसभर फिरते. तुम्हीही तसंच करा.

फिरताना "कशाचं प्रशिक्षण हवं?" असं विचारू नका. 'संवादकौशल्य' असं ठरीव उत्तर येतं. "गेल्या महिन्यात कुठे अडलात? कोण काय म्हणालं? मग काय केलंत?" असं विचारा. एक कार्यकर्ती मला म्हणाली, "ताई, बैठकीत तिघंच बोलतात, बाकीचे माना डोलावतात. नंतर कळतं, कुणालाच पटलेलं नव्हतं." माझ्या आराखड्यात तेव्हा लोकसहभागावर दीड तासाचं व्याख्यान होतं. ते मी काढून टाकलं आणि तिची बैठकच वर्गात उभी केली: तिघं बोलके, दहा गप्प. प्रत्येकानं दहा मिनिटं ती चालवायची आणि गप्प माणूस कशानं बोलता झाला ते बाकीच्यांनी टिपायचं. "काही शंका?" म्हटल्यावर कुणी तोंड उघडत नाही, पण शेजाऱ्याशी दोन मिनिटं बोलायला दिलं की हळूहळू हात वर होतात, हे त्यांनीच शोधलं.

पीआरए म्हणजे गावकऱ्यांनी स्वतःच आपल्या गावाची पाहणी करायची पद्धत. तिच्यातलं गावनकाशाचं सत्र पडद्यावर दाखवू नका. जमिनीवर करा आणि स्वतः मागे उभे राहा. नकाशा काढायची काठी लोकांच्या हाती द्या, असं ही पद्धत रुजवणारे अभ्यासक रॉबर्ट चेंबर्स सांगत, ते प्रशिक्षकालाही लागू आहे.

सलग पाच दिवसांचं शिबिर मला पटत नाही. शिकलेलं पहिल्या काही दिवसांतच झपाट्यानं विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ एबिंगहाउस यांनी 1885 मध्ये दाखवलं होतं. म्हणून दोन दिवस वर्ग, तीन आठवडे काम, मग अनुभव घेऊन पुन्हा एक दिवस. पेरणी-कापणीचे दिवस टाळा.

पर्यवेक्षकांना अर्धा दिवस तरी बसवाच. त्यांच्या अहवालात फक्त बैठकांची संख्या मोजली जात असेल, तर कार्यकर्ता बैठका उरकतच राहणार.

शेवटच्या दिवशीच्या अभिप्राय अर्जावर विसंबू नका. प्रशिक्षण आवडलं की नाही, एवढंच त्यातून कळतं. तीन महिन्यांनी बैठकीत मागच्या रांगेत बसा आणि किती जण बोलले ते मोजा. त्या कार्यकर्तीकडे मी गेले, तेव्हा नऊ जण बोलले आणि दोघांत जोराचा वाद झाला. पुढच्या सत्राचा विषय तिनंच सुचवला: भर बैठकीत भांडण झालं तर काय करायचं?