वर्गक्षमतेचा नियम वाचताना आधी ‘केव्हा’ आणि ‘किती वेळा’ पाहा

‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या, पात्राची भूमिका वठवण्याच्या खेळात लढाई रंगात आली असताना वर्गक्षमतेवरून (पात्राच्या वर्गामुळे मिळणाऱ्या खास क्षमतेवरून) वाद उद्भवतो, तो बहुधा तिच्या परिणामाविषयी नसून ती केव्हा आणि किती वेळा वापरता येते याविषयी असतो.

त्यासाठी पात्र तयार करतानाच नियम वाक्यावाक्याने वाचून पात्रपत्रिकेवर चार गोष्टी लिहून ठेवाव्यात: क्षमता कोणत्या घटनेने लागू होते, तिच्या अटी कोणत्या, ती किती वेळा वापरता येते आणि तिच्यासाठी काय खर्ची पडते. यांपैकी तिसऱ्या गोष्टीकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते. खेळाच्या पाचव्या आवृत्तीतील ‘रोग’ (Rogue, चपळ चोरट्याचा वर्ग) या वर्गाचा ‘स्नीक अटॅक’, म्हणजे जादा इजा करणारा वार, प्रत्येक पाळीत (एका पात्राच्या खेळीत) एकदा करता येतो, फेरीत (सर्वांच्या पाळ्या मिळून) एकदा नव्हे. त्यामुळे स्वतःच्या पाळीत तो वापरल्यानंतरही, शत्रू आपल्या पाळीत निसटू लागला आणि रोगने प्रतिक्रिया (दुसऱ्याच्या पाळीतही करता येणारी कृती) खर्चून त्याच्यावर वार केला, तर अटी पूर्ण होत असल्यास तो पुन्हा लागू होतो. क्षमतेचे नाव मात्र नियम समजू नये, कारण याच ‘स्नीक अटॅक’साठी लपून बसण्याची सक्ती नाही, लक्ष्यापासून पाच फुटांच्या आत सक्षम साथीदार असला आणि हल्ल्यावर डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांपैकी कमी आकडा धरण्याची अट) नसला, तरी पुरते, फक्त शस्त्र फिनेस (चपळाईने चालवायचे) किंवा दूरपल्ल्याचे हवे.

नोंदीशेजारी नियमपुस्तकाचे वर्षही अवश्य लिहावे: पॅलाडिन या धर्मयोद्ध्याच्या वर्गाच्या ‘डिव्हाइन स्माइट’ला (वार लागल्यावर जादा इजा करणाऱ्या क्षमतेला) 2014च्या नियमांत वेगळी कृती लागत नव्हती, 2024च्या नियमांत पाळीत एकदाच मिळणारी जादा कृती, म्हणजे बोनस अ‍ॅक्शन लागते.