लग्नाच्या ऑर्डरी येत नाहीत? छोट्या फोटोग्राफरांनो, या चुका टाळा

नवा कॅमेरा घेतला, लोगो करून घेतला, इन्स्टावर पेज उघडलं आणि चार महिन्यांत 'मार्केट डाऊन आहे' म्हणायला सुरुवात. तालुक्याच्या आणि मध्यम शहरांच्या ठिकाणी दर सीझनला हेच ऐकू येतं. मार्केट बहुतेक वेळा ठीकच असतं. ऑर्डर कुठून येते, हे मात्र कुणी नीट पाहिलेलं नसतं. फोन करणारा माणूस मुलीचा मामा असतो, नाहीतर स्वतः नवरी असते. त्यांनी कुणाच्या तरी घरी अल्बम पाहिलेला असतो किंवा कुणाच्या तरी स्टेटसला फोटो पाहिलेला असतो. तुमच्या रीलला लाइक ठोकणारे बाकीचे फोटोग्राफर तुम्हाला ऑर्डर देणार नसतात.

वर्कशॉपच्या फोटोंनी पेज भरणं

सगळ्यांत महागात पडणारी चूक ही, म्हणून आधी ही. वर्कशॉपला मॉडेल भाड्याची, मेकअप तयार, रिसॉर्टच्या खिडकीतून मऊ उजेड, आणि एकाच जोडप्यावर दहा कॅमेरे रोखलेले. तेच फोटो दहा जणांच्या पेजवर 'अवर ब्राइड' म्हणून झळकतात. यातली लबाडी बाजूला ठेवली तरी धंद्याच्या हिशेबानेही हा तोटाच आहे.

एका नवख्याचं पुढे काय झालं, ते या धंद्यातल्या कुणालाही ओळखीचं वाटेल. पेज पाहून एका घराने चांगल्या रेटला ऑर्डर दिली. लग्न गोरज मुहूर्तावर, उघड्या लॉनवर. स्टेजवर लाल-निळे एलईडी पार लाइट (रंगीत झोताचे दिवे), मागे एलईडी वॉल, आणि अंतरपाटाभोवती तीस माणसं अशी उभी की पाय ठेवायला जागा नाही. ५० एमएमची लेन्स, एफ १.८ (लेन्स इतकी उघडी की फोकस थोड्याच भागावर राहतो), फ्लॅश बॅगेत, कारण 'नॅचरल लाइट' ही पेजची ओळख. वर सायलेंट शटर, म्हणजे आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर, चालू. नवरीचा चेहरा जांभळा आला, एलईडी वॉलवर आडवे काळे पट्टे आले, आणि आजीसोबतचा एकही फोटो फोकसमध्ये नव्हता. घराने बाकीचे पैसे अडवलेच. शिवाय गुगलवर रिव्ह्यू लिहिताना पेजवरचा एक आणि लग्नातला एक असे दोन फोटो शेजारी शेजारी लावले. पुढच्या सीझनला विचारणा करणारा प्रत्येक माणूस आधी तेच दोन फोटो पाहून येत होता.

यावर सवय अशी लावा. पेजवर सर्वांत वर एकाच लग्नाचे ३० ते ४० फोटो क्रमाने ठेवा: हळद, मांडव, अंतरपाट, कन्यादान, सप्तपदी, पंगत, पाठवणी. त्यात रात्रीच्या स्टेजवरचे निदान पाच आणि मोठ्या ग्रुपचे पाच असलेच पाहिजेत. मुलीच्या वडिलांना 'बोके', म्हणजे मागची सुंदर धूसर पार्श्वभूमी, पाहायची नसते. आपल्या कार्यालयातल्या त्या भयाण उजेडात हा माणूस काय करतो, ते त्यांना पाहायचं असतं. लग्नाआधी कार्यालयात जाऊन दिवे लावून चाचणी घ्या. आपल्याकडची वीज ५० हर्ट्‌झची, त्यामुळे मेनवरचे दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. मेकॅनिकल शटर आणि १/१०० किंवा १/५० सेकंद शटरचा वेग ठेवला की पट्टे बहुधा जातात. एलईडी वॉलचा रिफ्रेश (चित्र ताजं होण्याचा वेग) वेगळा असतो, तिथे वेग बदलून पाहण्याला पर्याय नाही.

दाखवायला स्वतःचं लग्नच नसेल, तर एक सीझन कुणाच्या तरी हाताखाली सेकंड शूटर, म्हणजे मुख्य फोटोग्राफरचा जोडीदार, म्हणून काढा. फोटो वापरायची परवानगी कामाआधीच लेखी घ्या आणि फोटोखाली 'सेकंड शूटर म्हणून' असं स्पष्ट लिहा. हे कंटाळवाणं वाटत असेल तर हा धंदा तुमचा नाही.

फोटो उशिरा देणं

'लग्नाचा अल्बम बारशाला मिळाला' हा विनोद आता इतक्या घरांत खरा झालाय की त्यावर कुणी हसत नाही. फोटोग्राफर मात्र डिलिव्हरीला मार्केटिंग समजतच नाही. जाहिरातीवर पैसे घालतो आणि हातातला सर्वांत मोठा दिवस घालवतो.

तो दिवस म्हणजे लग्नानंतरच्या सत्यनारायणाचा. पाहुणे अजून घरात असतात, मावश्या-आत्या निघायच्या असतात, सगळ्यांचे मोबाइल हातात. त्या दिवशी सकाळी २० फोटो घराच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडले, तर दुपारपर्यंत पन्नास स्टेटसवर जातात. पण त्या वीसात नवरीचे क्लोजअपच भरू नका. मावशी पुढे पाठवते तो फोटो मावशी ज्यात असते तो. जोडप्याचे पाच, दोन्हीकडच्या आईवडिलांचे चार, आजी-आजोबांचे तीन, मामाचे दोन, भावंडांचे आणि लहान मुलांचे पाच, आणि संपूर्ण कुटुंबाचा एक. पंगती चालू असतानाच कॅमेऱ्यात हे फोटो लॉक करून किंवा स्टार देऊन ठेवा, म्हणजे रात्री तीन हजारांतून शोधावे लागत नाहीत. फोटोची लांब बाजू २०४८ पिक्सेल, जेपेग क्वालिटी ८०. एचडी पर्याय निवडून किंवा डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर व्हॉट्सॲप त्यांचा चोथा करतं. मधोमध भला मोठा वॉटरमार्क नको. तो फोटो कुणी स्टेटसला ठेवत नाही. नाव कोपऱ्यात, बारीक.

अल्बम रखडतो तो निवडीपाशी. तीन हजार फोटो पेनड्राइव्हमध्ये देऊन 'तुम्ही निवडा' म्हटलं की घरात सासर-माहेरची समिती बसते आणि सहा महिने उठत नाही. ३० शीटचा १२×३६ इंची अल्बम, शीटला चार-पाच फोटो, म्हणजे लागतात १२० ते १५०. तुम्हीच ३०० निवडून द्या आणि नकोत ते काढायला सांगा. काढणं हे निवडण्यापेक्षा लवकर होतं. ऑर्डर फॉर्मवर लिहून घ्या: ३० दिवसांत निवड आली नाही तर फोटोग्राफर निवडेल. पैशांचे टप्पेही तिथेच: टोकन ३० टक्के, लग्नादिवशी ५०, छपाईला टाकण्याआधी २०. अल्बम हातात पडल्यावर पैसे मागणं म्हणजे विसरलेली उधारी वसूल करणं.

एकदा वेळेत काम दिलं की ते घर तुमचं. दिवाळसण, हलव्याच्या दागिन्यांतली पहिली संक्रांत, डोहाळजेवण, बारसं, बोरन्हाण. प्रत्येकासाठी एकच ठरलेलं पॅकेज ठेवा: दोन तास, एक फोटोग्राफर, ३० एडिट केलेले फोटो, अल्बम नाही. वहीत तारखा लिहा आणि तीन आठवडे आधी एक फोन करा. व्हॉट्सॲपचा ब्रॉडकास्ट (एकच मेसेज सगळ्यांना) नको. तुमचा नंबर ज्याच्याकडे सेव्ह नाही त्याला तो पोचतही नाही. आणि डोहाळजेवणासाठी आपण होऊन फोन करू नका. ती बातमी त्यांच्याकडून येऊ द्या.

बाकीच्या, थोडक्यात

फॉलोअर विकत घेणं: यावर बोलायलाही नको.

गुगल प्रोफाइलच्या नावात 'बेस्ट वेडिंग फोटोग्राफर' आणि गावाचं नाव कोंबणं: पाटीवर जे नाव आहे तेच लिहा. नियम तसा आहे, आणि तक्रार झाली तर प्रोफाइल सस्पेंड होतं, तेही बरोबर सीझनमध्ये.

'फाइव्ह स्टार द्या, एक फ्रेम फ्री': गुगलला हे चालत नाही, असे रिव्ह्यू काढून टाकले जातात. अल्बम देताना रिव्ह्यूची लिंक पाठवा, सगळ्यांना पाठवा, आणि गप्प बसा.

'पहिल्या दहा ऑर्डर निम्म्या रेटला': ते दहा जण पुढे ज्यांना पाठवतात, त्यांना निम्मा रेट हाच तुमचा रेट वाटतो. पैसे कमी करायचे असतील तर काम कमी करा. सहा तास, एक माणूस, अल्बम नाही. रेटला हात लावू नका.

कार्यालयाच्या मॅनेजरला कमिशन: उद्या दुसरा दोन हजार जास्त देईल. त्यापेक्षा पाहुणे यायच्या आधी पाच मिनिटं रिकाम्या मांडवाचे फोटो काढा, पहिली पंगत बसण्याआधी जेवणाच्या काउंटरचे काढा, आणि आठवड्याच्या आत डेकोरेटरला, केटररला त्यांचे त्यांचे आठ-दहा फोटो लोगोशिवाय पाठवा. चांगले फोटो त्यांना कुणी देत नाही. मेकअपवालीला फोटो द्यायचा तर आधी नवरीला विचारा.

न विचारता फोटो टाकणं या चुकीला मात्र दोन ओळी जास्त. 'फोटो मी काढला म्हणजे माझा' हा समज जवळजवळ सगळ्यांचा असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं कलम १७ उलट सांगतं: कुणी पैसे देऊन फोटो काढून घेतला आणि वेगळा करार नसेल, तर त्या फोटोचा पहिला मालक तो पैसे देणारा. म्हणजे ऑर्डर फॉर्मवर परवानगीची ओळ नसेल, तर ज्यांच्यावर तुमचं पेज चालतं ते फोटो कायद्याने तुमचे नाहीत. 'इन्स्टा, वेबसाइट आणि छापील नमुन्यासाठी वापरू शकतो' असं लिहा, शेजारी हो-नाहीचे चौकोन ठेवा आणि लहान मुलांसाठी वेगळा चौकोन ठेवा. नाही म्हणणाऱ्याला रेट वाढवू नका.

आणि पंचांग न पाहता बूस्टचं, म्हणजे पैसे भरून पोस्टची जाहिरात करण्याचं, बटण दाबणं. पितृपक्षात सहसा कुणी टोकन देत नाही, नवरात्र-दसऱ्याला देतात. तुळशीच्या लग्नानंतरच्या तारखांसाठी जाहिरात करायची तर ती घटस्थापनेपासून करा, आणि कार्यालयापासून ३०-४० किलोमीटरच्या आतच दाखवा, नाहीतर दिल्लीचे लाइक येतात. अधिक महिना तर नवख्यांच्या गावीही नसतो. २०२६ चा अधिक ज्येष्ठ १७ मे ते १५ जून, म्हणजे ऐन सीझनच्या मधोमध आणि लग्नांच्या तारखा कोऱ्या. त्या महिन्यात लग्नाच्या जाहिरातीला पैसे घालू नका. मागच्या सीझनच्या घरांमध्ये मात्र नव्या जावयाला अधिकाचं वाण असतं, ३३ अनारसे, दिवे, दोन्ही घरं एकत्र. तासा-दीड तासाचं काम आहे. एप्रिल संपायच्या आत वही उघडून त्या घरांना फोन करा.