रेडिओसाठी परदेशातून वार्तांकन : नव्याने येणाऱ्यांसाठी

नागपुरात पत्रकारिता शिकणारी मुले मला अधूनमधून विचारतात की, रेडिओचा परदेशी वार्ताहर व्हायचे असेल तर सुरुवात कोठून करावी. आधी कामाच्या संधींविषयी स्पष्ट बोललेले बरे. आपल्याकडे खासगी एफएम वाहिन्यांना स्वतःची बातमीपत्रे देता येत नाहीत, आणि बीबीसीचे १९४० पासून चालत आलेले हिंदी रेडिओ प्रसारण ३१ जानेवारी २०२० रोजी बंद झाले. त्यामुळे आकाशवाणी वगळली तर परदेशी प्रसारण संस्थाच उरतात, आणि तेथे बहुधा आधी स्ट्रिंगर म्हणून, म्हणजे वृत्तांतागणिक मानधन घेऊन, काम करावे लागते. मीही त्याच वाटेने गेलो.

सरावासाठी मात्र परदेशी जाण्याची गरज नाही. धम्मचक्र प्रवर्तन दिनी रेकॉर्डर घेऊन दीक्षाभूमीवर जावे आणि ज्याने नागपूरचे नावही ऐकलेले नाही अशा श्रोत्यासाठी दीड मिनिटाचा वृत्तांत तयार करावा. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी येथे काय घडले आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर कोण होते, हे त्यात एकदोन वाक्यांतच बसवावे लागते, आणि नेमकी तेथेच बहुतेकांची पंचाईत होते, कारण आपल्या माणसांत हे सांगण्याची वेळ आपल्यावर कधी आलेली नसते. परदेशातून मराठी श्रोत्यासाठी बोलताना हीच अडचण उलट्या बाजूने येते.

बाइट, म्हणजे वृत्तांतात वापरायचे कोणाचे तरी ध्वनिमुद्रित बोलणे, घेऊन झाली की लगेच निघू नये. कोणीही न बोलता त्या जागेचा नुसता आवाज मिनिटभर वेगळा घ्यावा, म्हणजे संपादन करताना दोन तुकड्यांमधील सांधा कानाला खटकत नाही. कानावर हेडफोन हवाच. माइकवर आदळणारा वारा त्याशिवाय कळत नाही. निवेदनासाठी स्टुडिओ नसेल तर हॉटेलच्या खोलीत एसी बंद करून, डोक्यावरून रजई घेऊन वाचावे. मे महिन्यात पंखा बंद ठेवून ध्वनिमुद्रण केलेल्या नागपूरकराला त्याचे काही वाटणार नाही.

पर्यटक व्हिसावर बातमीदारी करण्याचा मोह टाळावा. पत्रकारांसाठीच्या व्हिसाची चौकशी त्या देशाच्या दूतावासात वेळेवर करावी. घड्याळाचे गणितही पक्के हवे, कारण आपल्या सकाळी सातच्या बातमीपत्राच्या वेळी लंडनमध्ये हिवाळ्यात रात्रीचा दीड आणि उन्हाळ्यात अडीच वाजलेला असतो.