उभ्या शिवणीचा पत्रा: निवड आणि माप

छपराच्या साध्या पत्र्यावर वरून स्क्रू मारतात. उन्हानं त्याचा रबरी वॉशर कडक झाला की गळती तिथूनच लागते. स्टँडिंग सीममध्ये, म्हणजे उभ्या शिवणीत, शेजारच्या पत्र्यांच्या कडा उभ्या दुमडून एकमेकींत अडकवतात, पत्रा धरून ठेवणाऱ्या क्लिपा आत झाकल्या जातात आणि पाख्याला भोकच पडत नाही. कोल्हापूरच्या उद्यमनगरात मी हेच काम करतो. गगनबावडा, राधानगरीकडं, जिथं पाऊस धो धो पडतो, घर बांधणाऱ्याला मी दुसरं सुचवत नाही.

जाडी 0.5 मिमी घ्या. त्याहून पातळ पत्र्यावर लहरी उठून दिसतात. कोटिंग एझेड 150 मागा, म्हणजे ॲल्युमिनियम-जस्ताचा थर, दोन्ही बाजू मिळून चौरस मीटरला 150 ग्रॅम. उतार कमी असेल तर दाबून बसणारी शिवण नको, मशीननं दोनदा वळवलेलीच हवी. क्लिपा सरकत्या घ्या. 10 मीटरचा पोलादी पत्रा 40 अंशांच्या फरकात जवळपास 5 मिमी लांबतो, त्याला जागा लागतेच.

आता माप. बहुतेकांचा हिशेब इथंच चुकतो, कारण ते नकाशावरचं क्षेत्रफळ धरतात.

समजा घर 40 बाय 30 फूट, आढं लांबीत. एका बाजूची आडवी रुंदी 15 फूट, वळचण 2 फूट, एकूण 17. चार फुटांना एक फूट चढ असेल तर 1.03 नं गुणा: साडेसतरा. खालची दुमड आणि आढ्याकडची वळवणी धरून पत्रा 18 फुटी, आढ्यापासून वळचणीपर्यंत अखंड, मधे जोड नाही. दोन्ही टोकांना एकेक फूट बाहेर, म्हणून लांबी 42 फूट.

कॉइल, म्हणजे पत्र्याची गुंडाळी, 24 इंच रुंद असली आणि शिवणीत 4 इंच गेले, तर पत्रा झाकतो 20 इंचच. 42 फूट म्हणजे 504 इंच, भागिले 20 म्हणजे 25.2, म्हणून एका पाख्याला 26 पत्रे, दोन्हींना 52. डावीकडून सुरू केलंत तर शेवटी चार इंचांची चिंधी उरेल, ती वाईट दिसते. मधून आखणी करा, दोन्ही टोकांचे पत्रे बारा-बारा इंचांचे राहतील.

छप्पर 1470 चौरस फूट, पण कॉइल लागते 1872 (52 पत्रे, 18 फूट लांब, 2 फूट रुंद), साधारण 680 किलो. त्यामुळं दर झाकलेल्या फुटाचा की कॉइलच्या फुटाचा, हे कोटेशनवर लिहूनच घ्या. क्लिप दर दोन फुटांवर धरली तर पाचशेच्या आसपास लागतील. वळचणीला आणि आढ्याला वारा पत्रा उचलतो, तिथं त्या जवळ लावा आणि तेवढ्या जादा धरा. आढ्याची टोपी, कडेचं फ्लॅशिंग (सांधा झाकणारी पत्र्याची पट्टी), पन्हळ यांचा हिशेब रनिंग फुटात वेगळा.

पत्रे कापायला सांगण्याआधी ट्रस (छपराचे त्रिकोणी सांगाडे) उभे राहू द्या, दोन्ही पाख्यांचे कर्ण फितीनं मोजा. ते सारखे नसतील तर आधी पर्लिन (पत्रा ज्यांवर बसतो ते आडवे वासे) सरळ करून घ्या.